आवाज बंद करून

दुकानातली किंगा एकेक बटण दाबत गेली:
हा ऑर्गन, ही व्हायोलिनं, ही चर्चची घंटा,
चारशे आवाज आहेत, आजोबा.
मला एकच हवा होता,
आणि तोही कुणाला ऐकू न जाणारा.

एकतीस वर्षं ग्दान्स्कच्या गोदीत क्रेन चालवली.
डाव्या हाताला एक दांडा, उजव्याला एक,
चाळीस मीटर खाली जहाजाचं उघडं पोट.
दोन हात दोन वेगळी कामं करतात
हे मला कुणी शिकवायला नको.
बोटांचा मात्र कधी संबंध आला नाही.
ती हातमोज्यात असायची, झोपलेली.

वजन किती, मी विचारलं.
वजन विचारल्याशिवाय आयुष्यात काही उचललं नाही.
हा बारा किलो, एकसष्ट पट्ट्या,
बोट टेकताच खाली जाणाऱ्या, रिमोटच्या बटणांसारख्या.
(माझं वय अडुसष्ट. इथंच सात कमी पडल्या.)
हा त्रेचाळीस किलो, पुऱ्या अठ्ठ्याऐंशी,
आत हातोड्या,
डावीकडे जड, उजवीकडे हलक्या होत जाणाऱ्या.
अगदी डावीकडची दाबली.
ती जरा थांबली, मग गेली,
साखळदंडाला ताण बसावा तशी.
एवढं मला कळतं.

तिमोनचा फोन आला होता: स्वस्तातला घ्या, बाबा,
नाद सुटला की विकता येईल.
पोरगं खोटं बोलत नव्हतं.

"आता हे बंद करा."
किंगाला समजेना.
"आवाज. पूर्ण बंद."
डोळे मिटून प्रत्येकावर तीच पाच बोटं चालवली
आणि खालच्या मजल्यावर जाईल तेवढंच ऐकलं.
एकाचं खडखड, दातांची कवळी सैल झाल्यासारखं.
एकाचं टकटक, कुणी घाईत ताटं मांडतंय.
एकाचं धप, धप,
जाड मोजे घालून माणूस रात्री जिना उतरतो तसं.
म्हटलं, हा मोजेवाला द्या.

आमची इमारत साडेआठशे मीटर लांब,
बाल्टिकच्या लाटेसारखी वळत गेलेली,
आणि भिंती अशा की पलीकडे कुणी शिंकलं
तर अलीकडून आपण म्हणतो, शंभर वर्षं जगा.
माझ्या बरोबर खाली ओतिलियाबाई.
रात्रभर इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी,
दिवसा झोप.
त्या झोपेवर बेतलेली माझी सगळी खरेदी.

हेडफोनला दोन भोकं आहेत, किंगा म्हणाली.
दोन कशाला, एका डोक्याला?
ती हसली, बिल केलं.

पायांखाली वॉशिंग मशीनचे रबरी ठोकळे,
त्याखाली जुना गालिचा, त्याखाली आणखी एक.
तीन आठवडे एकच धून,
चौथ्या ओळीत रोज अडखळायचो.
कानात अख्खं सभागृह,
खोलीत नुसते मोजे.

मग एका संध्याकाळी दार वाजलं.
ओतिलियाबाई, कामावर निघालेल्या, काखेत घडी केलेला पडदा.
आता चार शब्द ऐकून घ्यावे लागणार, मी मान खाली घातली.
"शिलाई मशीन घेतलंत ना?
एवढ्या काठाला टीप मारून द्याल?
पण दुरुस्त करून घ्या ते.
रोज त्याच जागी धागा तुटतो."

काय सांगणार.
आत बोलावलं, मशीन दाखवलं.
बाई बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिल्या,
मग माझ्या हातांकडे.
तिमोनचा जुना हेडफोन कपाटात होता,
एका कानाचा स्पंज गेलेला.
दुसऱ्या भोकात खुपसला.

वाजवलं.
धागा तुटला, तिथंच.
"हां!" बाई म्हणाल्या, टिपेच्या आवाजात,
कान झाकलेली माणसं बोलतात तसं,
लाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असं,
"इथंच! पुन्हा!"

त्यांची बस चुकली त्या दिवशी.
पडदा अजून खुर्चीच्या पाठीवर आहे,
काठ तसाच.