निव्वळ वजन

सुर्लाची खाण बंद पडली त्या वर्षी
वजनकाट्यावरच्या कोऱ्या वह्या मी घरी आणल्या. सात.
ट्रक क्रमांक, भरलेलं, रिकामं, निव्वळ:
छापील रकाने, लाल रेघा.
आता पहिल्या रकान्यात गोळीचा क्रमांक,
दुसऱ्यात वारा,
तिसऱ्यात, कुठं लागली.
चौथा मोकळाच राहतो.

रायफल सासऱ्यांची.
परवाना माझ्या नावावर व्हायला
तीन वर्षं गेली आणि दोन मामलेदार.
शिकवणारं कुणी नव्हतं.
इनासनं खाणीच्या भंगारातून ताटाएवढी चकती कापून दिली,
डंपाच्या पायथ्याशी साखळीनं टांगली.
मारायची कशी, विचारलं तर म्हणाला,
हांव वेल्डर, मास्तर न्हय.

चारशे मीटर.
एवढं मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही.
खाणरस्त्याचे पांढरे दगड
पन्नास पन्नास मीटरवर अजून उभे आहेत,
ट्रकांची वाट बघत.

दिवाळी ते शिगमो, चकती एकदाही वाजली नाही.
मी रायफलीला दोष दिला, मग काडतुसांना,
मग चष्म्याला.
म्हापशाचा डॉक्टर म्हणाला, नंबर बरोबर आहे.
दोष द्यायला मग मीच उरले.

काडतुसं मोजून मिळतात.
म्हणून एका खऱ्या बारामागं
रिकाम्या रायफलीचा चाप शंभर वेळा,
स्वयंपाकघरात, दार लावून,
नळीवर सासूबाईंच्या डब्यातलं
पोर्तुगीज काळातलं तांब्याचं नाणं ठेवून.
नाणं पडलं की बोट खोटं बोललं.
कुकरच्या तीन शिट्ट्यांत सतरा वेळा पडायचं.
एका रात्री पडलं नाही.
कुणाला उठवलं नाही मी.

निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा.
पंचायत, जिल्हा, विधानसभा, दिल्ली.
लोकशाहीनं माझे निदान चौदा महिने खाल्ले असतील.
तेव्हा पडवीत पालथी पडून
दोडक्याच्या मांडवाचा वासा खांद्याला लावायचे,
आणि वळणावर पोदेराचा भोंपू वाजला की
त्या आवाजावर श्वास अडवायचे.
पाव किती, हे विचारणंच सोडलं त्यानं.
चार ठेवून, नजर टाळून जायचा.

राहिला वारा.
सहावीच्या भूगोलात होते:
दिवसा खारे वारे, रात्री मतलई. दोन गुण.
चार वाजता मांडवीकडून खारा वारा वर येतो,
माझ्या उजव्या गालाला लागतो.
म्हणून मी उजवीकडं धरायचे,
आणि धूळ उडायची त्याहूनही उजवीकडं.
वर्षभर.

मग एकदा डबा खाताना
रायफल पिशवीतच असताना
खड्ड्याकडं बघितलं.
मधोमध दोनशे मीटर खड्डा, त्यात साचलेलं हिरवं पाणी,
आणि पाण्यावरच्या सुरकुत्या
माझ्या गालाच्या उलट चाललेल्या.
पलीकडं डंपावरचं गवत तर हलतही नव्हतं.
त्या दिवशी बार काढला नाही.
वहीत लिहिलं: वारे तीन.

पुढच्या गुरुवारी
चकतीच्या डाव्या काठाबाहेर,
नुसत्या लाल मातीवर, जिथं काहीच नाही,
तिथं धरलं.
चाप कधी सुटला कळलं नाही.
खांद्याला धक्का. मग काही नाही.
अजून काही नाही.
वजनकाट्यावर ट्रक चढतो,
काटा थरथरतो, ठरत नाही,
ड्रायव्हर खिडकीतून बघतोय,
मी पेन धरून,
तशी होते मी तेवढा वेळ.

टण्ण.
पाण्यावरून आलेला, किंचित ओला.

कोपरांना माती, तोंडात बारुदाची चव.
वही ओढली. चौथ्या रकान्यात
काय लिहायचं सुचेना,
पेन तिथंच टेकवून ठेवलं तर शाईचा ठिपका झाला.
तो राहू दिला.

पुढची गोळी चुकली.
तीही लिहिली.