शिट्टीच्या आधी

कामठीच्या त्या घरी पहिल्यांदा गेले
तेव्हा मे महिना होता, कूलर पाणी ओढत नव्हता,
आणि माझ्या पिशवीत चाळीस चित्रं होती :
पाणी, संडास, झोका, बस, थांब.
फाइलवर नाव : प्रज्योत गजभिये, वय आठ.
बोलत नाही. बाटल्यांची झाकणं रांगेत लावतो.
वडील, निवृत्त हवालदार, दारातच उभे,
पाठ भिंतीला, नजर फाटकावर.
सबंध तासात एकच वाक्य बोलले :
"किती दिवसांत होईल हे?"
त्या रात्री मी लिहिलं : वडिलांचा सहभाग नाही.

(ते वाक्य अजून फाइलीत आहे.
खोडलंय, पण वाचता येतं.)

शालूताई चहा ओतता ओतता सांगायच्या.
भटिंड्याला असताना तो "पानी" म्हणायचा.
बदली झाली जबलपूरला,
ट्रंका भरल्या, तो शब्द तिकडेच राहिला.
मग बबीना. मग हे.
दर छावणीत नवा डॉक्टर, नवी रांग
आणि तोच प्रश्न : मूल आवाजाला घाबरतं का?
"मूल," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.
"यांचं तर कोणी विचारलंच नाही ना जी."

तेवढ्यात ओट्यावर कुकर वाजला.
प्रज्योत कान दाबून टेबलाखाली गेला.
मी वाकले, ते माझं कामच.
वाकल्यावर दिसले चार पाय :
दोन लहान, धुळीचे,
दोन मोठे, अनवाणी असूनही
बूट घातल्यासारखे जुळलेले.

मला शिकवलं होतं ते सगळं लेकरांचं.
कुठला आवाज बोचतो, सदऱ्याची कुठली शिवण टोचते,
दिवस डोळ्यांना दिसेल असा कसा मांडायचा.
माणूस डोंगरावरून परततो
आणि तिथली एक रात्र पहाट व्हायला तयार नसते,
याचं चित्र माझ्याकडे नव्हतं.
त्यासाठी सदरच्या एका बाईंचा नंबर दिला.
तो त्यांच्या खिशात चार महिने राहिला.
मी विचारलं नाही. विचारलं असतं तर हरवला असता.

पण भिंत एकच होती.
तिच्यावर प्रज्योतच्या दिवसाचा तक्ता लावला,
तर शालूताई म्हणाल्या,
"यांचीबी एक ओळ काढाल काय त्यात?"
काढली.
हवालदारांनी जवळ येऊन वाचली.
"म्हणजे पार्ट वन ऑर्डर," म्हणाले,
आणि मिशीखाली काहीतरी हललं.

नंतर कधीतरी त्यांनी झाकणांची रांग मोडणं सोडलं.
शेजारी मांडी घालून बसले,
हळूच म्हणाले, "दाहिने सज."
पोरानं एक निळं झाकण
बोटभर मागं घेतलं.

नववं कार्ड कुकरचं.
गॅस पेटवण्याआधी आईनं पोराला दाखवायचं,
असं ठरलं होतं.
ऑक्टोबरातल्या एका बुधवारी
त्यानं ते आईच्या हातातून घेतलं,
पेपर वाचत बसलेल्या बापाच्या
गुडघ्यावर ठेवलं
आणि तिथंच उभा राहिला, पहाऱ्यावर.
हवालदारांनी पेपर घडी केला.
खुर्चीचे हात धरले.
एक.
दोन.
तिसरीला गुडघा उडाला, कार्ड पडलं.
पोरानं उचललं, परत ठेवलं.

अहवालात एक रकाना असतो :
इतरांना सूचना देतो.
मी बरोबरची खूण केली.
इतर म्हणजे कोण, ते लिहायला जागा नव्हती.

परतताना गड्डीगोदामच्या पुलाखाली
वरून मेट्रो आणि तिच्या खालून मालगाडी, एकाच वेळी.
ऑटोतल्या ऑटोत माझा हात
पिशवीत कार्ड शोधायला लागला.
कुणाला दाखवणार होते?
सिग्नल लाल होता,
ऑटोवाला निवांत खर्रा घोटत होता.