वितळलेल्याचा रकाना

टोम्बोच्या धक्क्यावर पहाटे तीनला
याबोममावशी झाकण उचलते
आणि फ्रीजरमधून चूल पेटल्यासारखी वाफ निघते, गार.
लाद्या मोजायचं काम माझं.
आठवी झालेय, म्हणून वही माझ्याकडे.
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.
वितळलेलं कुठं लिहायचं
ते शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

फ्रीजर भिशीतून आला.
ओसुसू म्हणतो आम्ही. अकरा बायका, दर शनिवारी,
सालायच्या ओट्यावर, मासे धुरावणारे हात पुसून.
मावशीची पाळी नववी होती.
मरियातूने आपली तिसरी तिला दिली,
एवढंच म्हणाली,
"माझ्या बोंग्याला बर्फ कमी पडू देऊ नकोस."
मी ते खर्चात लिहिलं.
मावशीने खोडायला लावलं. "जमेत लिही."

त्याआधी बँक झाली होती.
फ्रीटाउनला, दोन गाड्या बदलून,
मावशीने ठेवणीतला लप्पा नेसला होता
आणि मी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत धरली होती.
कोल साहेबांनी जमिनीचा कागद मागितला.
जमीन दिराच्या नावावर.
घर दिराच्या नावावर.
ज्या भिंतीला आज फ्रीजर टेकलाय ती भिंतही.
"मग तुमच्या नावावर काय आहे?"
"उधारी आहे, साहेब.
अर्धा धक्का माझं देणं लागतो."
ते हसले. चांगले हसले, वाईट नाही.
पण फॉर्मवर त्याला जागा नव्हती.

वीज जाते तेव्हा आधी आवाज जातो.
झोपेतसुद्धा कळतं, घरातलं कुणीतरी
श्वास घ्यायचं थांबलंय.
त्या रात्री तीस लाद्या होत्या.
मावशी अनवाणी लाकडाच्या गिरणीकडे पळाली,
चार पोती भुसा डोक्यावरून आणला, दोन खेपांत,
आणि तान्ह्या पोराला पांघरूण घालावं तसा
एकेका लादीवर थापला.
बोटी उशिरा आल्या.
सकाळी सतरा उरल्या, त्याही हडकुळ्या.
कोळ्यांनी त्यांच्या बारीकपणावरून भाव पाडला.
विहिरीच्या पंचवीस बादल्या पाणी
पायाखालून समुद्राकडे निघालं होतं.
मी वही उघडून बसले.
तेरा लाद्या.
कुणी नेल्या नाहीत, कुणी दिल्या नाहीत.
मग पट्टी घेऊन तिसरी रेघ मारली.

वस्तीचा वसुलीवाला महिन्यातून एकदा येतो,
पावतीपुस्तक काखेत.
"मालक कुठाय?"
मावशी फ्रीजरकडे बोट दाखवते,
"पाण्यात आहे. गोठतोय. सकाळी या."
तो दरवेळी आत डोकावतो.

आता दुसरा फ्रीजर आहे, जुना, दार सुतळीने बांधलेला.
भुशाचं पोतं कायमचं कोपऱ्यात.
मरियातूचा बोंगा कधी कमी पडला नाही,
एकदा पडला, तेव्हा चार दिवस बोलणं बंद होतं.
सालाय म्हणते, तिलाही पिठाची चक्की घालायचीय.
तिची पाळी सातवी.
मावशी काही बोलत नाही, पण शनिवारी
बोटांवर काहीतरी मोजत असते.

परवा कोल साहेब स्वतः धक्क्यावर आले.
बँकेने म्हणे महिलांसाठी काहीतरी नवीन काढलंय.
बूट चिखलात, हातात फाइल.
पेटीवर बसून त्यांनी माझी वही चाळली.
पानं फुगलेली, शाई जागोजाग फुटलेली.
"हा तिसरा रकाना कसला?"
मी सांगितलं.
बराच वेळ ते त्या तेरावर बोट ठेवून बसले,
मग म्हणाले, छान आहे,
पण जमिनीचा कागद लागेलच.
पुढच्या महिन्यात बघू.

ऊन फार होतं. घाम त्यांच्या कॉलरपर्यंत आला होता.
मावशीने बर्फ फोडला, ग्लास भरला.
त्यांनी एका दमात प्यायला,
खिसे चाचपले, सुटे नव्हते.
"राहू दे," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी लिहिलं:
कोल साहेब, बँकवाले. थंड पाणी, एक ग्लास. उधार.

व्याज किती लावू, विचारलं मी.
पण बोटी वळणावर दिसायला लागल्या होत्या,
आणि ती भुसा झटकत उठली होती.