इंचाचं काम

शाहूपुरीतल्या शोरूममध्ये पोरगी म्हणाली,
"काका, लाल घ्या, लाल उठून दिसते."
मी खिशातनं टेप काढली.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो,
नुसत्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा नसतो, एवढं शिकलोय.

घरनं लिहून आणलं होतं, कॅलेंडरच्या पाठीवर:
बोळाचं तोंड एकतीस इंच,
उंबरा साडेचार,
तालमीपुढचा उतार – तिथनं पावसाचं पाणी कसं पळतं
ते बघितलंय, म्हणजे चढ किती ते कळलंच.

तीन चाकांची जागच्या जागी वळते,
पण गटारीच्या फरशीवर मान टाकते.
चार चाकांची बसकी, शहाणी,
फक्त आमच्या बोळात तिला कूस बदलायला जागा नाही.
पुण्याहून फोनवर पोरगा: "महागातली घ्या, पैशाचं मी बघतो."
पैशाचं नव्हतं रे.
इंचाचं होतं.

तिसरीला वेग उजव्या अंगठ्यानं द्यायचा.
माझा उजवा अंगठा एकोणनव्वद साली चकमध्ये गेला.
"खटका डावीकडं करून मिळेल?"
पोरीनं मालकाला विचारलं, मालकानं कंपनीला,
कंपनीनं कुणालाच नाही.
शेवटी म्हटलं, स्पॅनर द्या.
वीस मिनिटं.
तीच घेतली. करडी. अठ्ठावीस इंच.
बोळात दोन्ही अंगाला दीड-दीड इंच हवा.
यापेक्षा कमी जागेत संसार केलाय.

पहिल्या दिवशी बाहेर पडलो
आणि अख्ख्या पेठेनं मला ढकलायला घेतलं.
दूधवाला, क्लासला निघालेली दोन पोरं,
एक अनोळखी माणूस, ज्याच्या दुसऱ्या हातात कोंबडी होती.
"सोडा," म्हटलं, "चालती ती. मोटर हाय तिला."
"असू दे की मिस्त्री," म्हणाले, आणि ढकलतच राहिले.
मायेला ब्रेक बसवायचा राहिलाय आमच्याकडं.

गुडघे गेल्यापासनं दोन वर्षं
मी हे गाव नुसतं ऐकत होतो.
शालन बाजारातनं यायची, सांगायची:
पापाच्या तिकटीला काय खणलंय,
वांगी काय भाव,
कोण गेलं.
कोण गेलं हे ती सगळ्यात शेवटी, पाठमोरी होऊन सांगायची.
आता कपिलतीर्थला वांगं मी स्वतः दाबून बघतो.
कमरेच्या उंचीवरनं बाजार वेगळाच:
पिशव्यांचे उसवलेले बंद,
मुठीतल्या मुठीत मोजलेल्या नोटा,
आणि थेट डोळ्यात बघणारी लहान पोरं.
एकीनं विचारलं, "आजोबा, तुमची खुर्ची रात्री काय खाती?"
"अर्धं युनिट."
"एवढंच?"
"पथ्यावर हाय."

एकदा हाव केली. दोनच ठिपके उरलेले,
तरी रंकाळ्यापर्यंत गेलो, पाणी बघत बसलो
अंधार पडेपर्यंत.
परतताना गंगावेशीत गाडी गप्प.
आणि कुणी हात लावेना.
महिनाभर ओरडून मीच शिकवलं होतं सगळ्यांना.
बाजूनं जात होते, नमस्कार करून, वाट देऊन.
मी मागची खिट्टी उचलली, चाकं मोकळी केली.
तोंड उघडायला त्याहून जास्त वेळ लागला.
"जरा ढकला की रे."

लादलेला हात आणि मागितलेला हात,
फरक एका सुताचा.
एका सुतात अख्खा जॉब भंगारात जातो,
हे उद्यमनगरात कुणालाही विचारा.

आज शालननं यादी दिली:
लिंबं, कांदे, कोथिंबीर.
लिंबं आणली. कांदे आणले.
"कोथिंबीर?"
"विसरलो."
ती माझ्या पायांकडं बघत राहिली.
चपला मी काढल्याच नव्हत्या.