तळहातावरचे फोड

मालपिकाच्या धक्क्यावर आम्ही सहा बायका
सकाळी आठला जाळं पसरून बसतो.
बुडाखाली उशी, पायाच्या अंगठ्यात ताणलेला धागा,
हातात हिरव्या प्लास्टिकची चपटी सुई.
भोक शोधायचं, कडा कापून सारख्या करायच्या,
मग गाठ. मग गाठ.
एवारिस्तोची नाव खडकाला घासून आली
की तीन दिवस कुणी मान वर करत नाही.

फक्त दहाला ओतिलिया उठते, मी उठते.
बर्फाच्या कारखान्याची भिंत, पश्चिमेचा वारा,
तिच्या ओंजळीत काडी, माझ्या ओठात सिगरेट.
एकोणीस वर्षं.
तिचा नवरा गेल्याचं मला तिथंच कळलं,
माझा निघून गेल्याचं तिला.

मग फोड आले.
खसखशीएवढे, पिवळे, दोन्ही हातांवर, तळपायांवर.
वाळून तपकिरी व्हायचे, साल निघायची,
मग भेगा, मग धाग्यावर रक्त.
मला वाटलं, नायलॉन.
वाटलं, मीठ. वाटलं, वय.

कोरुन्याच्या डॉक्टरीणबाईंनी
मोजे न घालताच माझे हात हातात घेतले.
(किती वर्षांनी कुणी घेतले, ते मोजलं नाही.)
म्हणाल्या, "एर्मितास, हे कुणाला लागत नाही.
रोज किती ओढता?"
मी हात दाखवायला गेले होते,
फुप्फुसं नाही.
"वीस," म्हटलं.
उरलेल्या दहा कोटाच्या खिशातच ठेवल्या.

मलमाच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलंय:
यात पॅराफिन आहे, आगीपासून दूर ठेवा.
रात्री मलम, त्यावर चीज गुंडाळायचं प्लास्टिक,
त्यावर पांढरे सुती मोजे.
असे हात घेऊन लायटर पेटत नाही.
तीनदा घसरला.
चौथ्यांदा पेटला, आणि उजेडात मला दिसल्या
मेणात भिजवलेल्या दहा वाती,
माझ्याच मनगटांना लावलेल्या.
फुंकर मारली.
स्वयंपाकघरात एकटीच हसले, मोठ्यानं,
मग रडले. डोळे पुसता येईनात.

सोडली, असं सगळे म्हणतात.
जणू मीच तिला धरून होते.

नवव्या दिवशी बहिणीशी भांडले, कारण आठवत नाही.
त्या आठवड्यात मारलेल्या गाठी दगड झाल्या,
नावेवरच्या पोरांनी विचारलं, या कुणाच्या?
दहा वाजले की हात उठायचा,
ओठापर्यंत यायचा,
आणि पत्ता चुकल्यासारखा परत जायचा.

आणि सहाव्या आठवड्यात हात आणखी बिघडले.
मी तणतणत गेले. माझं मी दिलं,
आता तुमचं द्या.
बाई म्हणाल्या, "वेळ लागतो.
पुष्कळांचं कमी होतं. काहींचं राहतं."
बाजारात असं कुणी बोललं असतं
तर मासळी तिथंच टाकून आले असते.

आई म्हणायची,
तळहातावरच्या फोडासारखं जपलं गं तुला.
मी ऐकून सोडून द्यायची.
आता कळतं, तिला काय करावं लागलं असेल:
काही धरायचं, पण आवळायचं नाही.
मूठ मिटायची नाही, रागातसुद्धा.
झोपेतही ध्यानात ठेवायचं
की एक जागा उघडी आहे.

आज एकाहत्तरावा दिवस.
उजवा हात जरा बरा आहे. डावा नाही.
दहाला मी अजून उठते. भिंतीशी उभी राहते
रिकामी, मोज्यांतले हात काखेत धरून.
ओतिलिया तोंड फिरवून धूर सोडते,
वारा तो वळवून माझ्याकडे आणतो.
मी बाजूला होत नाही.
एवढं चालायला हवं.
डॉक्टरीणबाईंना सांगणार नाही.

"लवकर आटप," मी म्हणते,
"एवारिस्तो परत घासून आलाय.
या खेपेला भोक एवढं मोठं आहे
की त्यातून आपण दोघी जाऊ."