सात वाजताचा अध्याय

चैत्रात आमच्या गावात वाऱ्यालाही झिंग चढते.
रात्रभर मोह गळतो. टप्. टप्.
नाल्याच्या अलीकडे सात झाडं, पलीकडे गुणवंताची भट्टी,
आणि दोन्हींच्या मधून
माझ्या घरची वाट.

मी मोटारी बांधतो. विहिरीवरच्या.
जळकी तार उपसायची, नवी तांब्याची भरायची,
एका खाचेत बेचाळीस वेढे,
एक चुकला तर मोटार पुन्हा जळते.
दिवसभर इतकं नेमकं मोजणारा मी
अंधार पडला की गिलास मोजायचा विसरायचो.

देवाला मागितलं होतं : ती झाडं पाड.
वीज टाक, वाळवी लाव, फॉरेस्टवाल्यांना बुद्धी दे.
चर्चमधल्या शेवटच्या बाकावरून मागितलं, तोंडावर रुमाल धरून,
कारण माझा श्वास आधीच कालची साक्ष देत होता.
त्या वर्षी बहर दुप्पट आला.
अस्वल आलं, वानरं आली, सुमरती टोपली घेऊन आली.
तिच्या घरच्या मीठ-मिरचीचं झाड
माझ्यापायी त्यानं का तोडावं,
हे तेव्हा सुचलं नाही.
तेव्हा मी नुसता रुसलो.

मिशन दवाखाना बंद पडून बावीस वर्षं झाली होती.
उजागरे सिस्टर क्वार्टर सोडून गेल्या नव्हत्या.
अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली. माझीही.
एका संध्याकाळी, सातच्या सुमारास, फाटकातून हाक आली :
"शांतवन, माह्ये डोये गेले रे बाप्पा.
शास्त्रातला एक अध्याय वाचून देशीन का?"

नाही कसं म्हणणार?
पण म्हातारीनं अध्याय तरी कसले काढावेत!
ना लढाई, ना चमत्कार. नुसत्या वंशावळ्या.
हा त्याचा बाप, तो ह्याचा लेक,
अमक्या कुळाचे इतके, तमक्याचे तितके.
जीभ ठेचकाळायची. बोटं अशी थरथरायची
की पान फाटेल.
खिडकीला गज होते. वासाला कोण अडवणार?
"थांबू नोको. पुढं."
नऊ वाजायचे.
मग भाकर, अंबाडीची भाजी, आणि वर :
"नाल्यानं नोको जाऊ. टाकीकडून जाय.
तिकडं कुत्रे हायेत, पण चावत नाईत."

चारदा मी गेलो नाही.
चारही वेळा दुसऱ्या दिवशी फाटकाशी त्याच उभ्या,
विचारपूस नाही, उपदेश नाही, फक्त :
"कालचं नाव अर्धं राह्यलं."

असे तीन चैत्र.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात त्या गेल्या.
मी आणि माझी ईस्तेर खोली आवरायला गेलो.
कोनाड्यात दवाखान्याचं जन्माचं रजिस्टर,
मागच्या कोऱ्या पानांवर मुंगीएवढी अक्षरं,
शेवटची ओळ मरणाच्या आदल्या दिवशीची.
दुधाचे दिले. तूर दोन किलो. शां. आला.
शां. आला. शां. आला.
आणि चार ठिकाणी : शां. आला नाही. बसून राहिले.

ईस्तेरनं विचारलं, "बाबा, त्यांना तर दिसत नव्हतं ना?"
पेटी पाहिली, उशीखाली पाहिलं,
फळीवरचे डबेसुद्धा उघडले.
साधा चष्मादेखील घरात नव्हता.

मी कुंपण मागितलं होतं,
बोरीच्या काट्यांचं, छातीइतकं उंच.
आणि त्यानं मला
नावं वाचायला बसवलं होतं.

आज पुन्हा चैत्र आहे.
क्वार्टरला कुलूप, मी पायरीवर,
फाटक उघडंच ठेवलंय.
गुणवंताकडे दिवा लागला.
बोटं अजून थरथरतात, पण पान फाटत नाही.
देवा, वास आलाय.
मी इथेच आहे.
पुढचं नाव जरा अवघड दिसतंय.