तर्री

आयटी पार्कसमोरचा पोहेवाला विचारत नाही.
तर्री टाकूनच देतो.
ज्याला नको, त्यानं आधी बोलावं.

मी उलट केलं होतं.
माझ्या लायब्ररीत देवनागरी मुळातच बंद;
हवी त्यानं एक ओळ लिहून सुरू करावी.
आठशे केबी वाचतात, म्हटलं,
आणि गरजवंत वाचेलच की सूचना.
मी कुठे कुणाच्या वाचतो?

मे महिन्यात मानेवाड्याच्या लॅबमधून फोन.
कूलरच्या घरघरीत अर्धाच ऐकू आला.
प्रज्ञाशीला गोंडाणे, विद्युल्लता गोंडाणे,
जावा-जावा.
रिपोर्टवर नावाच्या जागी दोघींची
अकरा-अकरा प्रश्नचिन्हं.

बोटांवर मोजलं मी: प, मग मोडका पाय, मग र…
आपल्याला चार अक्षरं दिसतात,
मशीन हलंतालाही वेगळं माणूस धरते.
विद्युल्लताही अकराच भरली.
एकीची साखर दुसरीच्या पाकिटात गेली.

"काही नाही झालं जी," प्रज्ञाशीलाबाई म्हणाल्या,
"आठ दिवस कारल्याचा रस पेली फुकटचा, बस."
त्या हसल्या.

रात्री बंद होतं ते चालू केलं.
सकाळी कुठल्याशा थंड देशातून एकाचं पत्र:
आम्हाला नको ते ओझं आमच्यावर का?
खरं आहे त्याचंही.
बंद करायची ओळ त्याला पाठवली
आणि खाली उतरलो.

पोह्यांवर तर्री पडली होती आधीच.
मला पित्त आहे,
हे चार वर्षांत
एकदाही बोललो नाही त्याला.